दुरुस्तीचा विवेक

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की बदलावी, हा प्रश्न घराघरांतून रोज विचारला जातो आणि बहुधा खिशाकडे पाहून त्याचे उत्तर दिले जाते. त्यामुळे तो नीतीचा प्रश्न आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. नीतीची चर्चा मोठ्या प्रसंगांभोवती फिरते. युद्ध, त्याग, प्रतिज्ञा, सत्यासाठी सोसलेले हाल असे विषय तिला मानवतात. परंतु माणसाच्या आयुष्याचा फार मोठा भाग लहान निर्णयांनी घडलेला असतो, आणि त्या निर्णयांतही खरे-खोटे, ऋण आणि जबाबदारी यांचा संबंध येतोच. किंबहुना मोठ्या प्रसंगी माणूस सावध असतो. लहान प्रसंगी तो जसा असतो तसा दिसतो. म्हणून कामावर जाणाऱ्या एखाद्या माणसाच्या सायकलीचे वाकडे झालेले चाक हा विचाराचा विषय मानण्यात कमीपणा नाही.

जबलपूर शहरातील गोहलपुर ही वस्ती अशा विचाराला योग्य आहे. विणकर, विडी वळणारे, छोटे कारागीर आणि रोजंदारीचे मजूर यांची ही दाट वस्ती. आणि शहराच्या पूर्वेला, रांझी-खमरियाच्या बाजूला, संरक्षण साहित्याचे कारखाने. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि वाहनांचा कारखाना १९६९ सालचा. या कारखान्यांनी जबलपूरला कामगारांचे शहर केले आणि त्या कामगारांना सायकलस्वार केले. पाळी सुटताना फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा हे या शहराचे अनेक दशकांचे ओळखीचे दृश्य होते. पुढे मोटारसायकली आल्या, बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आल्या, २०२१ साली हे कारखानेही सरकारी खात्यातून निघून सरकारी कंपन्यांच्या हाती गेले आणि तो लोंढा ओसरला. पण सायकल गेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही त्यांच्यासाठी ती आजही मजुरीपर्यंत पोचण्याचा रस्ता आहे. आणि रस्त्याकडेला पंप, पाण्याचे घमेले आणि पान्यांची पेटी घेऊन बसलेला मिस्त्री हा त्या रस्त्याचा रखवालदार आहे.

सायकलीचे चाक दिसायला साधे, पण रचनेने विलक्षण आहे. बैलगाडीच्या चाकात तुंब्याखालचा लाकडी आरा भार पेलतो. तो खांबासारखा उभा असतो. सायकलीच्या चाकातील तार इतकी बारीक असते की खांब म्हणून ती क्षणभरही उभी राहणार नाही. दाब पडताच ती वाकेल. ती टिकते, कारण ती आधीच ताणलेली असते. हब आणि रिम यांच्यामध्ये चहूबाजूंनी ओढलेल्या तारा एकमेकींना तोलून धरतात. भार येतो तेव्हा जमिनीकडील तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकेच. ताणाच्या या तत्त्वाचा विचार इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने १८०८ च्या सुमारास उडत्या यंत्राच्या चाकांसाठी केला होता. हबच्या कडेला स्पर्शून तिरक्या जाणाऱ्या तारांच्या चाकाचे पेटंट जेम्स स्टार्ली याने १८७४ साली घेतले, आणि गोहलपुरात आज फिरणारे साध्या काळ्या सायकलीचे चाक त्याच वंशातले आहे. अशा सायकलीला सामान्यतः पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. हिंदीभाषक मिस्त्री त्यांना तीली म्हणतो, पुण्या-नागपुराकडे त्यांना स्पोक किंवा तार म्हणतात. पण भाषा कोणतीही असो, त्या ओढून किंवा बोटाने छेडून पाहण्याची रीत एकच आहे. सारख्या ताणाच्या तारा सारखा आवाज देतात.

या तारांच्या वाट्याला किती कष्ट येतात याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. २८ इंची चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर अंतर कापले जाते, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४५० फेरे. दहा किलोमीटर जाणाऱ्या आणि दहा किलोमीटर परतणाऱ्या कामगाराचे चाक दिवसाला सुमारे ९,००० वेळा फिरते. वर्षात ३०० दिवस काम धरले तर सुमारे २७ लाख वेळा. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा जमिनीच्या बाजूला येते, किंचित सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. धातू एका मोठ्या धक्क्याने मोडतो, तसाच तो अशा असंख्य लहान हेलकाव्यांनीही थकतो. तार बहुधा हबपाशी, जिथे तिला बाक दिलेला असतो तिथे, तुटते. आणि ती तुटते त्या दिवशी काहीही विशेष घडलेले नसते. तुटण्याचे कारण मागच्या सर्व दिवसांत वाटले गेलेले असते. नीतीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण माणूस दोष शोधताना नेहमी शेवटच्या खड्ड्याकडे बोट दाखवतो.

चाकाचे आजार तीन प्रकारचे असतात, आणि दुरुस्ती की बदल या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकात निराळे आहे. पहिला प्रकार एका तारेचा. एक तार तुटली की रिम विरुद्ध बाजूला झुकते, कारण तिला या बाजूने धरणारा एक हात सुटलेला असतो. नवी तार घालून, तिचे निपल पिळून, शेजारच्या तारा थोड्या सारख्या करून चाक पुन्हा सरळ करता येते. यालाच आऊट काढणे म्हणतात. अशा वेळी चाक बदलणे ही निव्वळ उधळपट्टी होय. दुसरा प्रकार अनेक तारांचा. आज एक तुटली, पंधरवड्याने दुसरी, मग तिसरी. याचा अर्थ उरलेल्या साऱ्या तारा त्याच थकव्याच्या उंबरठ्यावर आहेत. येथे एकेक तार बदलत राहणे म्हणजे आजाराशी नव्हे, तर त्याच्या लक्षणांशी झुंजणे. तिसरा प्रकार रिमचा. खड्ड्यात आपटून रिमच कायमची वाकली, गंजाने तारांच्या भोकांपाशी तिला चीर गेली, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

या तिसऱ्या प्रकारात एक मोह दडलेला आहे, आणि या लहान विषयातील खरा नैतिक पेच तोच होय. वाकलेली रिमही सरळ दिसेल अशी करता येते. एका बाजूच्या तारा वाजवीपेक्षा जास्त ओढायच्या, दुसऱ्या बाजूच्या सैल सोडायच्या. म्हणजे रिमचा बाक ताणाच्या विषमतेने झाकला जातो. चाक उलट्या उभ्या केलेल्या सायकलीवर फिरवून दाखवले तर ते डोलत नाही, ब्रेकचे रबर घासत नाही, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. परंतु आत काय झालेले असते? काही तारा त्यांच्या वाट्याहून अधिक भार वाहत असतात, काही नावापुरत्या असतात. जास्त ओढलेली तार रिमच्या भोकाला फाडू पाहते. सैल तार प्रत्येक फेऱ्यात पूर्ण ढिली पडून लवकर तुटते. हे चाक सरळ दिसते, पण सरळ नसते. दिसण्यातले सरळपण आणि ताणातले समत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना कळते. दुसरी केवळ जाणत्या बोटांना आणि कानांना.

येथे मिस्त्रीचा धर्म सुरू होतो. गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांचे ज्ञान समान नसते. सायकलस्वाराला आपल्या चाकाची जी माहिती असते ती त्याच्या बसण्यातून आलेली. मिस्त्रीची माहिती हातातून आलेली असते. ज्या व्यवहारात एकाला कळते आणि दुसऱ्याला कळत नाही, त्या व्यवहारात कळणाऱ्याचा शब्द ही वस्तूइतकीच मोलाची गोष्ट होते. वैद्याच्या बाबतीत हे सर्वांना मान्य आहे. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र त्याचा उच्चार होत नाही. रिम संपली असताना ‘काढून देतो आऊट’ असे म्हणणारा मिस्त्री आणि एक तार तुटली असताना ‘चाकच बदला’ असे म्हणणारा दुकानदार, हे दोघे एकाच असत्याच्या दोन बाजू आहेत. पहिला गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी वस्तूविषयी खोटे बोलतो, दुसरा विक्रीसाठी. विशेष असे की पहिल्याचे खोटे बोलणे अनेकदा दयेतून येते. समोरच्याच्या खिशात नव्या चाकाचे पैसे नाहीत हे त्याला दिसत असते. परंतु दयेने बोललेले खोटे उताराच्या रस्त्यावर चाकाला आधार देत नाही. पुढचे चाक भरवेगात बसले तर स्वार तोंडावर आपटतो. आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याच्या मोडलेल्या मनगटाची किंमत कोणत्याही चाकापेक्षा अधिक असते. खरी दया सत्य सांगून मग उधारी देण्यात आहे.

दुरुस्तीचा विषय निघाला की तत्त्वज्ञ एका जुन्या प्रश्नाकडे वळतात. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची कथा नोंदवली आहे. त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यावर ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, याविषयी अथेन्समधील विचारवंतांत दोन पक्ष पडले. भारतीय परंपरेत हाच प्रश्न पाली भाषेतील मिलिंदप्रश्नात रथाच्या रूपाने येतो. ग्रीक राजा मिलिंद याला भिक्षू नागसेन विचारतो, की रथ म्हणजे चाके की आस की जू. आणि यांपैकी काहीच रथ नसेल तर यांच्यावाचून निराळा असा रथ तरी कुठे आहे? रथ हे एका जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे, आणि ‘मी’ हेही तसेच नाव आहे, असा त्याचा रोख. हा विचार खोल आहे यात शंका नाही. परंतु गोहलपुरातून पहाटे निघणाऱ्या सायकलस्वाराचा प्रश्न हा नाही. हब जुना, रिम नवी, तारा अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या. तरी ती त्याची सायकल आहे याविषयी त्याला क्षणभरही संशय येत नाही. तो ‘ही तीच आहे का?’ असे विचारत नाही. ‘हिच्यावर विसंबता येईल का?’ असे विचारतो. तत्त्वज्ञांनी तादात्म्याचा विचार केला. कामकरी माणूस भरवशाचा विचार करतो. आणि नीतीच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक जड आहे, कारण त्यात दुसऱ्या माणसाचा जीव गुंतलेला असतो.

मराठी भाषेने या विषयातला आपला अनुभव शब्दांत साठवून ठेवला आहे. ‘दुरुस्त’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ बरोबर, यथायोग्य, सुस्थितीतील असा आहे. म्हणजे दुरुस्ती ही केवळ जोडाजोड नव्हे. वस्तूला तिच्या योग्य स्थितीत परत आणणे होय. ‘डागडुजी’ या शब्दाची छटा निराळी आहे. फुटलेल्या भांड्याला डाग देणे म्हणजे सांधणे; आणि डाग म्हणजे कलंकही. डागडुजी वस्तू चालती करते, पण खूण ठेवते. ‘जीर्णोद्धार’ हा तिसरा शब्द. त्यात जीर्णाचा उद्धार आहे, पण प्रत्यक्षात अनेकदा जुन्याच्या जागी संपूर्ण नवे उभे राहते. अखंडता असते ती स्थानाची आणि श्रद्धेची. आणि घराघरांतील वाकळ किंवा गोधडी ही या सर्वांहून वेगळी. तिच्यात जुने लुगडे दुरुस्तही होत नाही आणि टाकलेही जात नाही, ते दुसऱ्या रूपाने कामाला लागते. दुरुस्ती, डागडुजी, जीर्णोद्धार आणि वाकळ अशा चार वाटा ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसाने ‘ठेवावे की टाकावे’ एवढ्या दोनच पर्यायांत अडकून पडण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला एक आर्थिक अंग आहे, आणि योगायोग असा की त्याचे एक मूलगामी विवेचन जबलपूरमध्येच लिहिले गेले. १९४२ च्या आंदोलनानंतर जे. सी. कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे त्यांचे पुस्तक तेथील बंदिवासात लिहिलेले. १९४५ मध्ये ते गांधीजींच्या प्रस्तावनेसह आले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचे काम उभारणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने संपत्तीचे दोन प्रकार मानले. खाणींतील धातू, तेल, कोळसा हा साठा. तो वापरला की संपतो. जंगल, पीक, माणसाचे श्रम हा प्रवाह. तो नीट राखला तर पुन्हा येतो. हा भेद सायकलीच्या चाकाला लावला तर दुरुस्तीचा अर्थ स्वच्छ होतो. नवी रिम घेणे म्हणजे साठ्यातून घेणे. आऊट काढून घेणे म्हणजे प्रवाहातून घेणे. मिस्त्रीचा अर्धा तास उद्या पुन्हा उगवतो, खाणीतील लोखंड उगवत नाही. जुनी रिम भंगारात जाऊन वितळते हे खरे. पण वितळवण्यालाही इंधन लागते, आणि दुरुस्तीला लागणारे इंधन म्हणजे एका माणसाचे दुपारचे जेवण. शिवाय तो पैसा वस्तीतच राहतो. दुरुस्तीच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद क्वचितच सापडेल.

तरीसुद्धा येथे थांबणे सोयीचे, पण अप्रामाणिक ठरेल. सुखवस्तू माणसाने केलेले दुरुस्तीचे गुणगान आणि गरिबावर लादली गेलेली दुरुस्ती यांत अंतर आहे. ज्याला नवे घेणे परवडते तो जुने सांभाळतो तेव्हा त्याला साधेपणाचे श्रेय मिळते. ज्याला परवडत नाही तो तेच करतो तेव्हा ते त्याचे नशीब समजले जाते. याहून कठोर गोष्ट अशी, की गरिबाची काटकसर पुष्कळदा महाग पडते. संपलेल्या चाकावर तो महिन्या-दोन महिन्यांनी थोडे थोडे पैसे घालतो. वर्षाअखेर ती बेरीज नव्या चाकाच्या वर जाते, पण नव्या चाकाची रक्कम एकाच दिवशी त्याच्या हातात कधी जमत नाही. त्यात बुडालेल्या अर्ध्या दिवसांची मजुरी मिळवली तर हिशेब आणखी उलटा होतो. म्हणून ‘दुरुस्ती करा’ हा उपदेश सरसकट देणाऱ्याने आधी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: ही दुरुस्ती फसली तर पडणार कोण? जो सल्ला देतो तो पडत नाही. धोका ज्याच्या अंगावर, निर्णयाचा अधिकारही त्याचाच. इतरांचे कर्तव्य एवढेच की त्याला खरी माहिती द्यावी आणि योग्य पर्याय त्याच्या आवाक्यात येईल असे पाहावे.

उलट बाजूने, बदलाचे समर्थन करणाऱ्यांचाही एक भ्रम दूर केला पाहिजे. नवे चाक म्हणजे निर्दोष चाक, अशी समजूत असते. वस्तुतः यंत्रावर घाईने बांधलेल्या स्वस्त चाकातील तारांचा ताण पुष्कळदा कमी आणि विषम असतो. ते सायकलीला लावण्यापूर्वी, आणि थोडे चालवल्यानंतर पुन्हा एकदा, जाणत्या हाताने सारखे करावे लागते. नाही तर नव्या चाकाच्या ताराही वर्षभरात तुटू लागतात. म्हणजे बदल केल्याने मिस्त्री अनावश्यक होत नाही. त्याची गरज फक्त आधी येते. शिवाय दुरुस्ती आणि बदल यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे, आणि जाणते मिस्त्री तीच सुचवतात. हब चांगला असेल तर तो ठेवायचा, त्याचे कोन आणि छर्रे साफ करून किंवा बदलून ग्रीस भरायचे, आणि त्याच हबवर नवी रिम नव्या तारांनी बांधायची. प्रत्येक तार दुसऱ्या तारांना ओलांडत, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून जाते. विणकरांच्या वस्तीत ही वीण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. या वाटेत जे सुस्थितीत आहे ते राहते, जे संपले आहे ते जाते, आणि निर्णय वस्तूच्या अवस्थेवरून होतो, आवडीनिवडीवरून नव्हे.

जगात आज दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संगणकीय माहितीस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली याविषयी निर्देश संमत केला. हा हक्क मागावा लागला, कारण अनेक वस्तू आता उघडताच येणार नाहीत अशा घडवल्या जातात. सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्तीची माहिती कारखानदार स्वतःजवळ ठेवतो. त्या तुलनेने जुन्या धाटणीची सायकल ही मोकळ्या मनाची वस्तू आहे. तिचे सारे अवयव उघड्यावर आहेत. तिच्यात काय बिघडले ते पाहता येते, आणि दोन-चार पान्यांनी तिला खोलता येते. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. तो वापरणारे हात लागतात. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की साधन नीट चालत असते तोवर ते नजरेत भरतच नाही. मोडले की ते प्रथमच वस्तू म्हणून समोर उभे राहते. दुरुस्ती करणाऱ्यांचेही तसेच आहे. ते असतात तोवर त्यांची दखल घेतली जात नाही; रस्त्याकडेची ती पेटी एके दिवशी दिसेनाशी झाली की मग कळते, की दुरुस्ती हा पर्यायच संपला आणि बदल ही सक्ती झाली.

दुरुस्ती की बदल हा प्रश्न वस्तूंपुरता राहत नाही. संस्था, रूढी आणि समाजरचना यांच्याबाबतही तो उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राची सारी वैचारिक चळवळ या एका प्रश्नाभोवती मांडता येईल. न्यायमूर्ती रानडे यांचा कल परंपरेचा धागा न तोडता सुधारणा करण्याकडे होता; तुटलेली तार ओळखावी, ती बदलावी आणि चाक चालू ठेवावे, अशी ती भूमिका. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांना दोष एखाद्या तारेत नव्हे, तर ज्या घेऱ्याला साऱ्या तारा बांधल्या आहेत त्यातच दिसला. समाजरचनेच्या बाबतीत ताणाची विषमता हे केवळ रूपक राहत नाही. काहींनी वाजवीपेक्षा अधिक ओढले जावे आणि त्यामुळे वरून सारे सरळ दिसावे, हीच तर त्या रचनेची रीत होती.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याचा क्रम विचार करण्यासारखा आहे. १९२७ साली महाडचे चवदार तळे, १९३० पासून नाशिकचे काळाराम मंदिर. ही दुरुस्तीची मागणी होती. जे आहे त्यातच समान जागा मिळावी, एवढेच तिचे म्हणणे होते. ती नाकारली गेली, आणि १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्म बदलण्याचा निर्धार जाहीर केला. प्रत्यक्ष धर्मांतर झाले ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. त्या वेळी नागपूर ही जबलपूर ज्यात होते त्याच मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती, आणि पुढच्याच महिन्यात राज्यपुनर्रचनेने दोन्ही शहरे वेगळी झाली. घोषणा आणि कृती यांच्यामध्ये २१ वर्षे गेली. या क्रमातून बदलाची नीती स्पष्ट होते. बदल हा उतावळेपणा नव्हे. दुरुस्तीची कसोटी पाहून, ती फसल्याची खात्री करून, आणि नवे काय घ्यायचे हे पारखून मग केलेली ती कृती आहे. अर्थात उपमेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. सायकलीच्या तारेला दुःख होत नाही. समाजातल्या ताणलेल्या माणसाला होते. म्हणून चाकाच्या बाबतीत ‘आणखी एक पावसाळा काढू’ असे म्हणता येते. माणसांच्या बाबतीत तसे म्हणण्याचा अधिकार ज्याच्यावर ताण नाही त्याला नाही.

पुन्हा चाकापुरते बोलायचे तर निर्णयाच्या कसोट्या फार नाहीत. दोष कुठे आहे हे आधी पाहावे: एका तारेत, साऱ्या तारांत की रिममध्ये. दुरुस्ती दोष काढते आहे की केवळ झाकते आहे, हे नंतर पाहावे. धोका कोणाच्या अंगावर येणार आणि ज्याच्या अंगावर येणार त्याला तो सांगितला गेला आहे का, हे सर्वांत शेवटी पाहावे, पण सर्वांत अधिक महत्त्वाचे मानावे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिक असतील तर दुरुस्तीही योग्य आणि बदलही योग्य. ती तशी नसतील तर काटकसर आणि नवेपणा ही दोन्ही नावे सारखीच पोकळ आहेत. जुने जपणे हा स्वतःहून सद्गुण नव्हे, नवे आणणे हीही प्रगती नव्हे. सद्गुण आहे तो पारख करण्यात, आणि पारखलेले ज्याला कळायला हवे त्याला सांगण्यात. मिस्त्री बोटाने तार छेडतो, कान देतो आणि काही क्षण गप्प राहतो. त्या गप्प राहण्यानंतर तो जे बोलेल त्यावर कोणाचे तरी उद्या कामावर पोचणे अवलंबून असते.